बाबांच्या जागेवर बंटी

पेडणे बाजार
३ ऑक्टोबर २००७

विनू,

पाकिटावर माझं अक्षर बघून धसका घेऊ नकोस, घरी सगळं ठीक आहे. पोस्टातला जयराम तिकीट देताना हसला. "मोबाईलवालो पत्रां घालूक लागलो? तुझो फोन बिघाडलो काय रे?" त्याला म्हटलं, अरे, लोकांचे बिघडतात म्हणून माझी चूल पेटते. खरं म्हणजे फोनवर मला धड बोलताच येत नाही. दुकानात गिऱ्हाईक छातीवर उभं असतं, आणि घरी आई कदेल ओढून शेजारी बसते आणि दर वाक्याला "जेवली काय ती? विचार" करते. म्हणून पत्र.

चवथीला गणपतीवरच्या माटोळीखाली बसून तू आम्हाला तुझा खेळ दाखवलास, तेव्हापासून तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहे. येईल त्याला मी दाखवतो. पलीकडे नदी, अलीकडे खाजनातलं शेत, मधे बांध, आणि बांधातलं ते लाकडी दार, आपली मानस. दाराशी डोक्याला टॉवेल बांधून आपले बाबा उभे, हयात असताना असायचे तसे. भरती आली की दार लावायचं, सुकती लागली की उघडायचं. चुकलं तर खारं पाणी शेतात शिरतं आणि भात पिवळं पडतं. झालं, एवढंच. गोळीबार नाही, उड्या नाहीत, नाणी गोळा करणं नाही. भिकाजी मास्तरांनी पाहिला, आणि त्यांचा पहिला प्रश्न काय, तर खेळ मराठीत की कोकणीत! लगेच दुकानात दोन पक्ष. वीस वर्षांपूर्वी राजभाषेवरून जी डोकी तापली ती अजून निवलेली नाहीत. मी म्हटलं, मास्तर, माझ्या बहिणीने यात एक शब्दसुद्धा ठेवलेला नाही. पाणी कुठल्या भाषेत येतं ते तुम्हीच ठरवा.

पण खरं सांगू? कौतुक सगळे करतात आणि जाताना "बंटी बहादूर आसा काय?" म्हणून विचारतात. बंटीचा पहिला भाग, दुसरा भाग, बंटी जंगलात, बंटी बर्फात. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं की लोकांना ओळखीची चव लागते. कालचं माशाचं हुमण आपण उंड्याच्या पावाबरोबर चाटूनपुसून खातोच ना? तू ताडकन म्हणालीस, "दादा, कालचं हुमण चांगलं लागतं, कारण काल कुणीतरी ते नवीन केलेलं असतं. नवीन करायला कुणी चुलीपाशी जाणारच नसेल तर उद्या काय चाटणार?" आई हसली. मला मात्र राग आला होता. तुला उत्तरं पटापट सुचतात याचा मला लहानपणापासून राग आहे.

दिवसभर त्या पुण्याच्या ऑफिसात तू दुसऱ्यांचे जुने खेळ या फोनातून काढून त्या फोनात बसवतेस आणि उरलेल्या वेळात स्वतःचा करतेस, हे आईला कळल्यापासून तिचा जीव खालीवर होतोय. "हा विकला गेला तर नोकरी सोडीन, घरी येईन, दुकानामागच्या खोलीत पुढचा करीन" असं तू म्हणालीस, ते तिने धरून ठेवलंय. मीसुद्धा. मुंबईच्या एका कंपनीचा अमोल म्हणून माणूस माझ्याकडे रिंगटोन विकायला येतो. त्याला खेळ दाखवलाय. सह्या करायचा अधिकार तू मला लिहून दिलास, आणि तुझी एकच अट मी विसरलेलो नाही: काय बदलायचं ते बदला, बाबांना हात लावायचा नाही.

आई म्हणते, आधी देवळात राष्ट्रोळीकडे प्रसाद लावून कौल घेऊ, मग बोलणी. तू हसशील. हस.

तुझा दादा,
गोकुळदास


पेडणे
२९ ऑक्टोबर २००७

विनू,

पुनवेची गर्दी ओसरली. बाजार झाडून काढला तरी खाज्याचे कागद अजून उडताहेत.

उजवी पडली, देवाचा होकार! विठ्ठल गुरवाने पाषाणाला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आम्ही "होय म्हाराजा" म्हटलं. आई हात जोडून, डोळे मिटून उभी. मी मात्र डोळे उघडे ठेवले होते. उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली, आणि आईला रडू आवरेना. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "माझ्या विनूच्या कामाक देवान उजवी दिली."

परवा अमोलकडे सही केली. फोनवर तुला मी "देवाचा हुकूम झाला" एवढंच सांगितलं, आणि तू म्हणालीस, "मला देवाचं कळत नाही, दादा, पण तुझ्यावर विश्वास आहे, कर सही." असं कशाला म्हणायचं? म्हणजे बरं वाटलं मला. पण असं एकदम म्हणू नये माणसाने.

अमोल मला 'डायरेक्टरसाहेब' म्हणतो, तेही दुकानात चार लोकांसमोर. भिकाजी मास्तरांचं तोंड बघायला हवं होतंस. खेळात थोडी रंगरंगोटी करावी लागेल म्हणाला, फोनांच्या मापाने वगैरे. ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, मी कशाला सांगू?

आई विचारते, मागच्या खोलीला रंग कुठला लावायचा. मी पिवळा म्हटलं.

दादा


पेडणे
१८ डिसेंबर २००७

विनू,

तयार झालेला खेळ पाठव, असं तू पुन्हा म्हणालीस. अगं, सीडी करून ठेवली होती, तिला ओरखडा गेला. मग अमोल आजारी पडला. कुरियरवाल्याचं तर तुला माहीतच आहे. खोटं वाटतंय? वाटू दे.

खोली झाली बघ. जनेलाला नवी काच घातली. टेबल फोंड्याहून आणलं, मजबूत आहे, हलत नाही. बाबांचा कंदील माळ्यावर पडला होता, तो पुसून जनेलात टांगलाय. आई रोज एकदा जाऊन त्या टेबलावरून हात फिरवते. तिला वाटतं, तू शिगम्याच्या आत येशील.

अमोल परवा सांगत होता की नाव मोठं असलं की खेळ आपोआप चालतो. मोठं नाव म्हणजे कुणाचं, ते मी विचारलं नाही. विचारलं. पण ते समोरासमोर बोलू, पत्रात नको.

आणि दुपारचा दुकानात फोन करत जाऊ नकोस, लाईन लागत नाही. लागते, पण मला उचलायला जमत नाही.

दादा


पेडणे
१० मार्च २००८

विनोदिनी,

"दादा, आज माझ्या टेबलावर एक खेळ आलाय. सगळ्या फोनांत बसवायचा आहे. बंटी बहादूर, भाग तिसरा. बाबांच्या जागेवर बंटी उभा आहे." एवढं बोलून तू फोन ठेवलास, आणि त्यानंतर माझा नंबर दिसला की उचलत नाहीस.

मला काय स्वप्न पडलं होतं, तो मुंबईवाला हे काम पुण्याला तुझ्याच ऑफिसात पाठवील म्हणून? एवढं मोठं शहर, एवढी ऑफिसं! हे लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेला असता तर चाललं असतं, असंच मी म्हणतोय ना?

पण माझीही बाजू ऐक. अमोल स्पष्ट म्हणाला, म्हातारा माणूस दाराशी उभा राहिलेला कोण विकत घेणार, सर? नवीन खेळ, नवीन माणूस, कुणी ओळखत नाही. तोच खेळ ठेवू, पाणी तेच, दार तेच, फक्त दाराशी बंटी. तिसरा भाग म्हणून हातोहात जाईल. मी काय करणार होतो? त्याला नाही म्हटलं असतं तर खेळ कॉम्प्युटरात पडून राहिला असता आणि तू पुण्यात. तू घरी यावीस म्हणून मी केलं. पिवळ्या रंगाची खोली कुणासाठी केली, माझ्यासाठी?

आणि मी माझ्या मनाने काही केलेलं नाही. देवाला विचारलं, देवाने उजवी दिली. राग धरायचा तर राष्ट्रोळीवर धर.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस.

गोकुळदास


आगरवाडा, घरून
८ एप्रिल २००८

विनू,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही ते बरं झालं. आता हे वाच, आणि ते फाडून टाक.

पाडव्याला आई नारळ घेऊन देवळात गेली, तुझ्या खेळाला यश दिलं म्हणून. विठ्ठल गुरवाला ती सगळी हकिकत सांगत बसली, की नवरा माझा पडद्यावर कसा उभा आहे, टॉवेल कसा बांधलाय. ती हे रंगवून सांगत असताना भिकाजी मास्तर तिथे होते. त्यांच्या नातवाच्या फोनात बंटी आहे. त्यांनी सांगून टाकलं. आई विठ्ठलकडे वळली, "देवाक विचारून केलां मां ह्यां?" विठ्ठल म्हणाला, "गोकुळदासान माका इतक्यांच सांगूक सांगलेलां, भयणीच्या खेळाक यश येवंदे, काम हातात घेवक जाय काय? बंटी-बिंटी माका ठावक नाय."

घरी आली. मी उंबऱ्यातच होतो. म्हणाली, "देवाक अर्धांच सांगलंस. उरलेलां कोण सांगतलो?" त्या दिवशी तिने मला वाढलं, पण समोर बसली नाही. पाडव्याच्या दिवशी मी एकटा जेवलो.

तर उरलेलं सांगतो. अमोलने बंटीची अट प्रसादाच्या आधीच घातली होती. मी देवळात गेलो तेव्हा मला ती पाठ होती. बाबांना पुसू का, असं मी देवाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर डावी पडेल अशी भीती वाटली. म्हणजे उत्तर मला ठाऊक होतं, विनू. ठाऊक असूनही मी वाकडा प्रश्न घालून सरळ उत्तर घेऊन आलो, आणि ते तुझ्या तोंडावर फेकलं. देव, आई, तू, तिघांना एकाच खेपेत फसवलं. माझ्यासारखा नालायक मीच.

आणि तू घरी यावीस म्हणून केलं, हेही पुरतं खरं नाही. बाबा तुला बांधावर घेऊन जायचे. तुझ्या हाताला धरून दाराची फळी कशी बसवायची ते दाखवायचे. मला म्हणायचे, "तू बाजाराक जा, तुका हिशेब बरो येता." मला येतोच हिशेब. पण मलाही ते दार बघायचं होतं. अमोलने बंटी बसवलेला खेळ पहिल्यांदा दाखवला, बाबा तिथे नव्हते, आणि क्षणभर मला हलकं वाटलं. आता तिथे कुणीच कुणाला शिकवत नव्हतं. असा विचार माझ्या मनात आला, आणि तो येताना मला वाईट वाटलं नाही. वाईट नंतर वाटायला लागलं, आणि ते अजून थांबलेलं नाही.

काल मी विठ्ठलला घेऊन पुन्हा देवळात गेलो. तो म्हणाला, "विचारूचां तर सगळां विचारूचां." म्हटलं, सगळं विचार. त्याने मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, देवळात माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. "हेणी मेलेल्या बापाशीक पुसलो, तेच्या जागेर दुसऱ्याक उबो केलो, भयणीक फसयली. ह्यां बरां केलां काय, म्हाराजा?" विठ्ठलचा हात मागे व्हायच्या आत डावी पडली. मला बरं वाटलं म्हटलं तर तुला पटेल का?

बाहेर येऊन अमोलला फोन लावला, खेळ परत दे म्हटलं. तो हसला. "सर, सही झालीय." खरंय. सही माझीच आहे.

तू घरी येऊ नकोस असं म्हणवत नाही, ये असं म्हणायला तोंड नाही. खोलीला कुलूप घातलंय.

दादा


आगरवाडा
२२ मे २००८

विनू,

आपल्या वाड्यावरचा बाबली, तो डिचोलीहून खाणीचा माल नेणाऱ्या बार्जवर असतो, सुट्टीवर आलाय. काल दुकानात आला, हातात त्याचा तो जुना, इवल्याशा पडद्याचा फोन. म्हणाला, "स्पीकर गेलो मरे. खेळात भरतीचो आवाज आयकूक येना, दार लावपाक चुकतां." म्हटलं, कुठला खेळ? "तो बंटीचो." मी उगाच ड्रॉवर उघडून स्पीकर शोधायला लागलो. पण तो पुढे बोलतच होता. "म्हणजे नाव बंटीचां, पण बंटी खंय आसा? दुसऱ्यांच्या फोनात आसा, तो नुसतो उबो रवता, उडी मारना, म्हणान तेका कोण खेळना. माझ्या फोनात हो आसा." आणि त्याने पडदा माझ्यापुढे धरला. "अरे, हो तुझो बापूस मरे!"

बाबा, विनू. नखाएवढे. डोक्याला टॉवेल, डाव्या कानामागे सोडलेलं त्याचं टोक.

मी अमोलला काही विचारलं नाही. मला एवढं कळतं की त्या जुन्या फोनात जागा कमी, बंटीची रंगीत चित्रं त्यात मावत नसणार. तिथे काहीतरी हलकं घालावं लागलं असेल, आणि ते काय घालायचं हे ज्या टेबलावर ठरलं, ते टेबल तुझं. साहेबाने सांगितलेलं काम तू शेवटपर्यंत केलंस, बाकीच्या सगळ्या फोनांत बंटी बसवलास, आणि एका फोनात बापाला उभं केलंस. माझ्यासाठी नव्हे, हे मला कळतं. मला सापडावं म्हणूनही नव्हे.

बाबलीला दुकानातला नवा फोन दिला आणि त्याचा ठेवून घेतला. तो म्हणाला, "खेळ घालून दी." म्हटलं, नव्यात तो बसत नाही रे. तर हा म्हणतो, मग दुरुस्त करून माझा जुनाच दे! कशीबशी समजूत घातली. एक सांगतो, त्याला दारावर उभा राहणारा म्हातारा हवा होता. मी आणि अमोल दोघांनी मिळून ठरवलं होतं की असा माणूस जगात नाही.

स्पीकर बदलला आणि घरी येऊन खेळलो. भरतीचा आवाज मला कळलाच नाही, दार उघडं राहिलं, खारं पाणी आत. भात पिवळं पडलं. मला वाटलं, आता बाबा काहीतरी बोलतील, हात तरी उगारतील. त्यांनी टोपली उचलली आणि बांधाला माती घालायला लागले. तू त्यांना रागवायला शिकवलंच नाहीस. मी तिथे माजघरात बसून ढसाढसा रडलो, आई धावत आली.

तिच्या हातात फोन दिला. तिने चष्मा लावला, पदराने पडदा पुसला, जवळ धरला. खेळ सुरू व्हायच्या आधी बाबा नुसते उभे असतात ना, मागे पाणी वरखाली होत असतं, ते बघत राहिली. मी म्हटलं, हे बटण दाब, म्हणजे सुरू होतो. तर म्हणाली, "नको. असोच उबो रवांदे." बॅटरी संपेपर्यंत तो तिच्या मांडीवर होता. आज तिने मला समोर बसून वाढलं.

अमोल आला होता. तिसरा भाग पडला म्हणाला, पण हरकत नाही, चौथा करू, तुमच्या बहिणीकडे आणखी कल्पना असतील ना, डायरेक्टरसाहेब? त्याला म्हटलं, मी मोबाईल दुरुस्त करणारा माणूस आहे, कल्पना जिच्या आहेत तिला विचार, आणि ती तुला दारात उभं करणार नाही. रिंगटोनसुद्धा आता दुसरीकडे विक म्हटलं. ही काही मोठी मर्दुमकी नव्हे. हे ऑक्टोबरात म्हणायचं होतं.

मी पत्रं का लिहायला लागलो ते तू कधीच ओळखलं असशील. गिऱ्हाईक हे कारण नव्हतं आणि आईसुद्धा नव्हती. फोनवर तू माझा आवाज ओळखतेस. मी "हॅलो" म्हटलं तरी तुला कळलं असतं की दादा काहीतरी दडवतोय. कागदाला आवाज नसतो, म्हणून मी कागदामागे लपलो.

आता दडवायला काही उरलं नाही. रविवारी संध्याकाळी मी फोन करणार आहे. आई शेजारी कदेल ओढून बसेल आणि "जेवली काय ती" विचारील, तेवढं उत्तर तिला दे. मला शिव्या घालायच्या तर घाल, गप्प राहायचं तर गप्प राहा. आणि कधीतरी, तुला वाटलं तर, भरतीचा आवाज कसा ओळखायचा ते मला सांग. उचलला नाहीस तर पुढच्या रविवारी करीन, आणि त्याच्या पुढच्या. पत्र मात्र यापुढे घालणार नाही.

दादा